गायधनी बाईंची सत्तावीस ऑगस्ट

आमच्या गल्लीत लोक सकाळी आधी फळा वाचतात आणि मग पेपर. फळा वाचनालयाच्या भिंतीवर आहे, माझ्या शिलाईच्या दुकानाच्या अगदी समोर. त्यावर रोजचा दिनविशेष असतो. आजच्या तारखेला जगात काय काय घडलं, कोण जन्माला आलं, कोण गेलं. लिहितात गायधनी बाई. पूर्ण नाव प्रतिभा सोमनाथ गायधनी, पण गल्लीत त्यांना नावानं कोणी हाक मारत नाही, नुसतं 'बाई'. महापालिकेच्या शाळेत सगळा जन्म गेला, मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाची शाल कपाटात गेली आणि बाई दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल घेऊन पुन्हा फळ्यापुढे हजर.

मी हाजरा. ब्लाउज शिवते. गिऱ्हाईकं म्हणतात, हाजराचा टाका सरळ आणि जीभ तिरकी, आणि ते काही खोटं नाही. मूळची मी मालेगावची. लग्न होऊन भद्रकालीच्या मागच्या या गल्लीत आले तेव्हा मला उर्दू लिहिता-वाचता यायचं आणि मराठी फक्त भांडण्यापुरतं. वाचायला शिकले ती या फळ्यावर. मशीनवर बसून एकेक अक्षर लावायची, अडलं की रस्त्यापलीकडे ओरडायची, आणि बाई पाठमोऱ्याच उत्तर द्यायच्या. अशी आमची ओळख झाली. पुढे तिची मैत्री कधी झाली ते दोघींनाही कळलं नाही.

बाईंची लिहायची पद्धत ठरलेली. आधी ओल्या फडक्यानं फळा पुसायचा आणि तो वाळेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. मग खडू पाण्यात बुडवायचा, म्हणजे अक्षर ठळक उठतं आणि दिवसभर टिकतं. नाशिकचं काही सापडलं तर ते सगळ्यात वर. एकवीस डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टरवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, त्याला शंभराच्या वर वर्षं झाली, तरी त्या दिवशी फळ्यापुढे अशी गर्दी होते की वाटावं, कालच घडलंय. म्हातारे भांडतात, पोरं फोटो काढतात, आणि बाई स्टुलावरून उतरून हात झटकत घरी जातात.

फक्त सत्तावीस ऑगस्टला फळ्यापुढे कोणी थांबत नाही. जाता जाता वाचतात आणि पुढे होतात. त्या दिवशी बाई लिहितात, की अमेरिकेत जमिनीतून तेल काढणारी विहीर लागली. क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला आणि त्याचा आवाज हजारो मैलांवर ऐकू गेला. ब्रॅडमन जन्मला. गायक मुकेश गेले. आणि सगळ्यात खाली, दर वर्षी न चुकता : २००३, मंगळ ग्रह पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला, गेल्या साठ हजार वर्षांत आला नव्हता इतका जवळ.

बास. दोन हजार तीन सालात बाईंच्या फळ्यावर एवढंच घडलं.

त्याच दिवशी, त्याच साली आमच्या गावात काय झालं ते गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सिंहस्थाची मोठी पर्वणी होती. रामकुंडाकडे उतरणाऱ्या रस्त्यात चेंगराचेंगरी झाली आणि माणसं गेली. त्यात बाईंचा ओम होता. सहा वर्षांचा. त्याला हत्ती बघायचा होता म्हणून बाई त्याला घेऊन गेल्या होत्या. घरी एकट्या आल्या. कसं झालं, काय झालं, ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. आम्हीही विचारलं नाही. असं काही विचारायला जीभ रेटत नाही, माझीसुद्धा.

पुढच्याच वर्षी बाईंना मुलगी झाली. आणि झाली ती सत्तावीस ऑगस्टलाच. डॉक्टरांनी आठवडाभरानंतरची तारीख दिली होती, पण कळा त्या दिवशी सुरू झाल्या. मी दवाखान्यात डबा घेऊन गेले होते. नर्सनं येऊन सांगितलं, मुलगी झाली. बाई पलंगावरून म्हणाल्या, "नीट बघा." नर्स हसली. तिला काय माहीत. मला मात्र तिथं उभं राहवेना, डबा खुर्चीवर ठेवून मी बाहेर आले.

गल्लीतल्या बायकांना विषयच मिळाला. ओमच परत आला, तारीख धरून आला, असं जी ती म्हणायला लागली. मी दोघीतिघींना झापलं, पण तोंडं किती धरणार? बाई त्यावर काही बोलायच्या नाहीत. हो नाही की नाही नाही. सोमनाथभाऊंनी, म्हणजे बाईंच्या नवऱ्यानं, मुलीचं नाव तृप्ती ठेवलं. वाढदिवस तिथीनं करायचा असं ठरलं. श्रावणातली तिथी कॅलेंडरात इकडेतिकडे फिरते, तारीख तिथंच राहते. म्हणजे तारीख ओमची आणि तिथी तृप्तीची अशी घरात वाटणी झाली. शाळेत मैत्रिणी सत्तावीसलाच चॉकलेटं द्यायच्या. ती पोर माझ्या दुकानात बसून ती संपवायची आणि चांद्या माझ्या चिंध्यांच्या टोपलीत खोल खुपसायची.

मला या गोष्टीचा राग यायचा, पण समजायचंही. आमची वर्षं चंद्राची. माझी पहिली मुलगी रमजानमध्ये गेली, सव्वा महिन्याची होती. तो दिवस दर वर्षी थोडा मागे सरकतो. ती गेली तेव्हा अंगणात उन्हाळा होता, मग तो दिवस थंडीत आला, मग पावसात. सगळे ऋतू फिरून आला. रडले मी प्रत्येक ऋतूत, पण कुठल्याच ऋतूची धास्ती बसली नाही. बाईंची तारीख मात्र एकाच जागी खिळलेली. ऑगस्ट लागला की त्यांच्या डोळ्यांखाली काळं यायला लागतं.

आता पिठोरीचं सांगते, कारण सगळं तिथंच अडकलं होतं. श्रावण संपतो त्या अमावस्येला, पोळ्याच्या दिवशी, बाजारात मातीचे बैल येतात आणि घरोघरच्या आया मुलांसाठी पूजा करतात. संध्याकाळी आई पूजेकडे तोंड करून उभी राहते, खीरपुरीचं ताट डोक्यावरून मागे धरते आणि विचारते, "अतीत कोण?" म्हणजे दारी कोण आलंय. मागं मूल उभं असतं. ते म्हणतं, "मी," आपलं नाव सांगतं आणि ताट घेतं. आईनं मागं वळून बघायचं नाही. जितकी मुलं, तितकी वाणं. एवढा साधा, गोड प्रकार. आणि ज्या वर्षी ओम गेला, त्या वर्षी सत्तावीस ऑगस्टला हीच अमावस्या होती. सकाळी हत्ती बघून यायचं आणि संध्याकाळी वाण द्यायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. खिरीचं दूध आटवून ठेवलेलं होतं.

त्यानंतर दोन वर्षं बाईंनी पिठोरी केली नाही. तिसऱ्या वर्षी केली. तृप्ती दोन वर्षांची झाली होती, नुकती बोलायला लागली होती. मी ब्लाउज द्यायला गेले होते, दारातच उभी राहिले. बाईंनी ताट डोक्यावर धरलं आणि विचारलं, "अतीत कोण?" सोमनाथभाऊंनी पोरीला पुढं केलं. ती म्हणाली, "तुत्ती." बाई हलल्या नाहीत. पुन्हा विचारलं, "अतीत कोण?" पोर पुन्हा म्हणाली, "तुत्ती." बाईंनी पुन्हा विचारलं. मग पुन्हा. ताट एका बाजूला कललं, खीर त्यातून केसांवर ओघळायला लागली, आवाज बसत चालला, तरी विचारणं थांबेना. मला वाटलं, ही बाई आज अशीच उभ्याउभ्या मरणार.

सोमनाथभाऊ गरीब माणूस. गरीब म्हणजे स्वभावानं. ते खाली वाकले आणि पोरीच्या कानात काहीतरी म्हणाले. पोरीनं त्यांच्याकडे बघितलं, मग आईच्या पाठीकडे बघितलं आणि म्हणाली, "ओम."

बाईंनी ताट सोडलं. सोमनाथभाऊंनी ते वरच्यावर धरलं. बाई मागं न बघता आत गेल्या, तोंड धुतलं आणि झोपल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या रात्रभर झोपल्या, असं भाऊंनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. सांगताना त्यांना रडूही येत होतं आणि बरंही वाटत होतं. मी म्हटलं, "भाऊ, हे बरं नाही केलं तुम्ही." ते म्हणाले, "मग काय करू? तिला तशीच उभी ठेवू?"

तेव्हापासून दर पिठोरीला तृप्ती 'ओम' म्हणाली. सहाची झाली, दहाची झाली, पंधराची झाली, तरी मागं उभी राहून म्हणायची. आवाज बदलत गेला तसा ती तो बारीक करायला लागली, लहान मुलासारखा. करोनात सोमनाथभाऊ गेले. ज्यानं हे शिकवलं तोच गेला, तरी पोरीनं सोडलं नाही. मोठी घोडी झालेली मुलगी, कॉलेजात जाणारी, आणि त्या संध्याकाळी तिच्या तोंडून सहा वर्षांच्या पोराचा आवाज निघायचा. मी दर वर्षी ठरवायची की या वेळी जायचं नाही, आणि दर वर्षी जायची. तिला एकटीला त्या खोलीत सोडवत नव्हतं.

मी भुताखेतांना भीक घालत नाही. पण काही गोष्टी अशा घडत होत्या, की मला कळेना. तृप्ती आठ वर्षांची असताना एकदा दुकानात बसली होती आणि एकदम म्हणाली, "खाला, माझी एक चप्पल कुठे राहिली?" दोन्ही चपला तिच्या पायात होत्या. तिनं खाली बघितलं आणि स्वतःच घाबरली. गल्लीत कोणी कुठल्याही ओमला हाक मारली की हिची मान वळायची. गर्दीत जायची नाही. ढोल वाजायला लागला की तिला श्वास पुरायचा नाही. तिला त्या दिवसाबद्दल घरात कोणी एक शब्द सांगितला नव्हता. सांगणार कोण? बाई तर मंगळाबद्दल लिहीत होत्या.

आता यंदाचं, म्हणजे दोन हजार पंचवीसचं. तृप्तीला पुण्यात एका लॅबमध्ये नोकरी लागली. गणपती झाले की जायचं ठरलं. पिठोरीच्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली, मशीनच्या बाजूला बसली आणि बॉबिनशी चाळा करत म्हणाली, "खाला, यंदा मी माझं नाव सांगणार."

मी पाय थांबवला. "आईला सांगितलंस?"

"नाही. पण मला ते एकदा हवंय. एकदा तिनं विचारावं कोण आणि मी म्हणावं तृप्ती, आणि तिनं ताट द्यावं. तेवढंच. मग मी जाईन पुण्याला. नाही तर खाला, मी तिकडे जाईन आणि मला कळणारच नाही की गेलं कोण."

एवढं नीट तिला कधी बोलताना मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "म्हण. मी दारात उभी असते."

संध्याकाळी पूजा झाली. बाईंनी ताट उचललं. आता हात पूर्वीसारखे वर जात नाहीत, खांद्याचं दुखणं आहे. तरी उचललं. "अतीत कोण?"

"तृप्ती," पोर म्हणाली. स्वच्छ, मोठ्यानं.

बाहेर कुठल्यातरी मंडळाचा मांडव ठोकत होते, तो आवाज तेवढा येत होता. बाई म्हणाल्या, "अतीत कोण?"

"तृप्ती. आई, मी तृप्ती."

"अतीत कोण?"

आणि मग उत्तर आलं. "ओम." लहान मुलाचा आवाज. बारीक केलेला नव्हे, लहान मुलाचाच. तृप्तीचं तोंड माझ्या समोर होतं. ओठ हलले होते. पण तिचे डोळे असे फाटले होते, की मी कधी कोणाचे तसे बघितले नाहीत. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. ताट बाईंच्या हातून सुटलं आणि खीर सगळ्या फरशीवर झाली.

बाईंनी वळून बघितलं नाही. भिंतीला हात लावत आत गेल्या.

तृप्ती माझ्या गळ्यात पडली आणि माझ्या कानाशी, नुसत्या श्वासानं म्हणाली, "खाला, मी नाही बोलले." त्यानंतर ती बोललीच नाही.

एक दिवस गेला, दोन गेले. डॉक्टरनं घशात बॅटरी मारून बघितलं, म्हणाला काही नाही. मोबाईलवर मला लिहून दाखवायची : तोंड उघडलं तर तो येईल. अंगात बारीक ताप. माझ्या दुकानात मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसायची, कारण घरी बसवत नव्हतं. घरी बाई खुशीत होत्या. मला हेच सहन होईना. पोर मुकी झाली आणि आई कपाट आवरतेय, गुणगुणतेय. मला म्हणतात कशा, "हाजरा, ऐकलंस ना तू यंदा? किती स्पष्ट होता."

गणपती बसायच्या आदल्या दिवशी बाई दुकानात आल्या. तृप्ती बाकावरच झोपली होती. मी कात्री खाली ठेवली आणि तोंड सोडलं. "बाई, तुम्ही शिकलेल्या. आम्हाला वाचायला शिकवलंत. एवढं कळत नाही तुम्हाला? इतकी वर्षं मागून बोलते ती ही पोरगी आहे. भाऊंनी शिकवलं होतं तिला. एक लेकरू गेलं ते गेलं, आता हे हातचंही घालवताय तुम्ही."

मला वाटलं, त्या कोसळतील. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"ती तृप्ती असते हे. पहिल्या वर्षापासून माहीत आहे. आई आहे मी हाजरा, मला आवाज कळणार नाही?"

"मग?"

बाई तृप्तीकडे पाठ करूनच बसल्या होत्या. मग त्यांनी सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा आणि मला एकटीला.

"मी त्याचा हात सोडला नव्हता. सगळ्यांना वाटतं सुटला. मी नाही सोडला. लोंढा आला तेव्हा मी आवळून धरला होता. एकदा धक्का बसला, क्षणभर काहीतरी निसटल्यासारखं झालं, मी परत धरला. आणि धरल्याबरोबर मला कळलं. हात वेगळा होता. जाड होता. मनगटावर धागा होता आणि ओमच्या मनगटावर धागा नव्हता. मला कळलं, हाजरा. पण मी खाली बघितलं नाही. बघितलं असतं तर तो ओम नसता. बघत नव्हते तोवर ओमच होता. तशीच ओढत चालले, बाहेर पडेपर्यंत. बाहेर आल्यावर एक बाई आडवी आली, तिनं त्या मुलाला कवटाळलं आणि माझ्या पाया पडली. माझं लेकरू वाचवलंत म्हणाली."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"तेव्हाच वळले असते तर," बाई म्हणाल्या, "तर कदाचित सापडला असता. पाचदहा पावलं मागं असेल. म्हणून मला पिठोरी बरी वाटते. तिथं बघायचं नसतंच."

मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम, आणि कुठलं आधी बाहेर काढावं ते कळेना. शेवटी मी म्हटलं, "बाई, तेव्हा वळला असतात तर तुम्ही मेला असतात. आता कोणी मरत नाही. आता बघा."

त्या उठल्या आणि गेल्या. बाकाकडे बघितलं नाही.

सत्तावीस ऑगस्ट उजाडली. योगायोग असा, की यंदा गणपतीही त्याच दिवशी बसत होते. पहाटेपासून गल्लीत माणसं, मूर्ती न्यायला हातगाड्या, फुलांच्या पाट्या. तृप्ती माझ्याजवळ होती. आज ढोल येणार म्हणून मी शटर अर्धं ओढून घेतलं. तेवढ्यात बाई स्टूल घेऊन आल्या. फळा पुसला. वाळू दिला. खडू पाण्यात बुडवला. तेलाची विहीर लिहिली, क्राकाटोआ लिहिला, ब्रॅडमन, मुकेश, मंगळ. मी मशीनवर बसून बघत होते. नेहमी मंगळानंतर त्या उतरतात. यंदा उतरल्या नाहीत. खडू पुन्हा बुडवला आणि खालच्या कोपऱ्यात, जिथं जागा कमी उरली होती तिथं, लिहायला लागल्या. २००३ : नाशिक, सिंहस्थ पर्वणी, चेंगराचेंगरी.

मी तृप्तीला हलवलं आणि बोट दाखवलं. तिनं वाचलं. मी काही म्हणायच्या आत ती शटरखालून वाकून बाहेर पडली आणि रस्ता ओलांडून आईच्या मागं जाऊन उभी राहिली. चार हातांवर. मग तिला पुढं जाववेना, मागंही येववेना.

आणि त्याच वेळी कोपऱ्यावरून ढोल आला. मंडळाची मूर्ती येत होती, पुढं पोरं, मागं पोरं, गल्ली ही एवढीशी. लोक भिंतींना चिकटायला लागले. तृप्तीचा श्वास वर-खाली होत होता ते मला इथून दिसत होतं. मी ओरडले, पण ढोलात काय ऐकू जातंय!

बाईंचा हात फळ्यावर थांबला. पाठमोऱ्याच म्हणाल्या, ओठांवरून कळलं नाही पण मानेवरून कळलं मला, की त्या विचारताहेत. कोण?

तृप्तीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

बाई वळल्या. स्टुलावरून उतरल्या, एक हात फळ्याला धरून, आणि अक्षरं पुसली गेली ती गेली. तृप्तीचा हात तोंडावरून ओढून घेतला. आधी हात बघितला. उलटा करून, सुलटा करून, मनगट बघितलं. मग चेहरा बघितला. बाईंची नजर एकदा तिच्या खांद्यावरून मागं गेली, गर्दीत, खाली, जिथं लहान मुलाचं डोकं येतं तिथं. तिथं काय होतं ते मला माहीत नाही. मला ढोलवाल्यांचे पाय दिसत होते. बाई मात्र बघत राहिल्या आणि त्यांचा चेहरा असा झाला, की मी मशीन सोडून उठले. मग त्यांनी तिथून नजर काढून घेतली. काढताना त्यांना किती जड गेलं ते मी बघितलं आहे. ती नजर परत तृप्तीच्या तोंडावर आणली आणि तिथंच ठेवली.

मी शटरखालून वाकून त्यांच्यापर्यंत पोचले तेव्हा बाई म्हणत होत्या, "तृप्ती. बोलू नकोस. काही सांगू नकोस. दिसतेयस तू मला."

पोरीनं तोंड उघडलं.

"आई," ती म्हणाली, "हात दुखतोय."

तिचाच आवाज होता. घोगरा, पाच दिवस न वापरलेला, पण तिचाच.

बाईंनी आपल्या मुठीकडे बघितलं. बोटं पांढरी पडली होती. गर्दी आता अगदी अंगावर आली होती, मूर्तीची गाडी वळत होती, पोरं नाचत आमच्यामधून घुसत होती. बाईंनी बोटं उघडली आणि हात सोडला. गुलाल उधळला गेला, मला काही दिसेना, माझाच तोल गेला. बाई डोळे न मिटता बघत होत्या. ढोल पुढं सरकला, मूर्ती गेली, मागची पोरं गेली.

तृप्ती तिथंच उभी होती.